पेशंटचं वजन ‘अंदाजे ५०’ लिहू नका : रुग्णालय चालवणाऱ्यांना एका आहारतज्ज्ञाचं खुलं पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक, वैद्यकीय संचालक आणि विश्वस्त महोदय,
महाराष्ट्रातली लहानमोठी सर्व रुग्णालयं

स. न. वि. वि.

मागच्या महिन्यात आमच्या रुग्णालयात एक परिपत्रक निघालं. अर्ध्या पानाचं, त्यात तीन सूचना. पेशंट दाखल होताना भरायचा पोषणाचा फॉर्म इनडोअर पेपरमधून, म्हणजे दाखल पेशंटच्या फाइलमधून, काढून टाकला आहे, कारण त्यात सिस्टरांचा वेळ जातो. जनरल वॉर्डातला पेशंट डाएटिशियनने डॉक्टरांच्या लेखी रेफरन्सशिवाय बघू नये. आणि सेमी-स्पेशल व डिलक्स रूममधल्या प्रत्येक पेशंटचं डाएट काउन्सेलिंग चोवीस तासांच्या आत झालंच पाहिजे, कारण त्याचं बिल लागतं.

म्हणजे वेळ आहे. तो कुणाला द्यायचा, एवढंच ठरवायचं होतं, आणि ते ठरलं.

मी त्या रुग्णालयातली डाएटिशियन. पेशंटच्या भाषेत ‘डाएटवाल्या मॅडम’. एकोणीस वर्षं हे काम करते आहे. पावणेतीनशे खाटा आहेत, मी एकटी आहे आणि किचनला एक सुपरवायझर आहे. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. एक तर नोकरी टिकवायची आहे. दुसरं असं, की याआधी दोन ठिकाणी काम केलं तिथं चित्र फार वेगळं नव्हतं, आणि माझ्या बॅचच्या मैत्रिणी वेगवेगळ्या जिल्ह्यांत आहेत, त्याही फोनवर हेच सांगतात. म्हणून आमच्या एकट्या साहेबांना न लिहिता आपल्या सर्वांना लिहिते आहे. पेशंट आणि त्यांच्या नातेवाइकांनीही हे वाचलं तर हवंच आहे.

आधी सतरा नंबरच्या बाईंबद्दल सांगते. खाटेचा नंबर बदलला आहे.

बाई ऊसतोडीला आलेल्या. पोटात कळा आणि उलट्या म्हणून टोळीतल्या माणसांनी आणून टाकल्या. तपासण्यांत आतडं अडलेलं निघालं, मागाहून आतड्याचा टीबी निघाला. ऑपरेशन झालं. इनडोअर पेपरवर वजन होतं ५० किलो. बाराव्या दिवशी मला कॉल आला, कारण टाके उसवले होते आणि रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, कमी आलं होतं. मी त्यांच्या मुलीच्या मदतीने त्यांना काट्यावर उभं केलं. ३४ किलो. उंची दीड मीटर. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, पंधराच्या जेमतेम वर. १८.५ च्या खाली गेलं की आम्ही कमी वजन म्हणतो आणि १६ च्या खाली गेलं की धोक्याची घंटा वाजते.

‘आधी किती भरायचं वजन?’ असं विचारलं तर बाई म्हणाल्या, ‘वजन काय ठावं नाय, पण दिवाळीला शिवलेल्या चोळ्या आता अंगात ठरत नाहीत.’ मुलीने आईचा हात वर केला. बांगड्या घरंगळत कोपरापर्यंत गेल्या. या बाईंची अवस्था कळायला लॅबची गरज नव्हती. पहिल्या दिवशी कुणी तेवढं विचारायला हवं होतं.

बारा दिवसांचा हिशेब मी नंतर कागदांवरून मांडला. ऑपरेशनआधी चार दिवस ‘एनबीएम’, म्हणजे तोंडाने काही नाही. ऑपरेशननंतर पाच दिवस पुन्हा एनबीएम. मग ‘लिक्विड’, म्हणजे चहा, नारळपाणी आणि वरणावरचं पाणी. या सगळ्या काळात सलाईन चालू होतं, त्यामुळे नातेवाइकांना वाटत होतं की अंगात ताकद जाते आहे. सलाईनची अर्ध्या लिटरची ५ टक्के डेक्स्ट्रोजची बाटली घ्या. तिच्यात २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण ८५ कॅलरी. दिवसाला तीन बाटल्या लावल्या तर अडीचशेच्या आसपास. एक वडापाव खाल्ला तर तेवढ्या मिळतात, आणि वडापावात निदान डाळीच्या पिठाची थोडी प्रथिनं तरी असतात, बाटलीत तीही नाहीत. नुसत्या नॉर्मल सलाईनमध्ये तर कॅलरी शून्य. चौतीस किलोच्या, जखम भरून यायला हवी असलेल्या बाईला दिवसाला हजारभर कॅलरी आणि चाळीस-पन्नास ग्रॅम प्रथिनं लागली असती. ती तिला बारा दिवसांत एकदाही मिळाली नाहीत.

आणि बाराव्या दिवशी हाऊसमन, म्हणजे वॉर्डातला ज्युनियर डॉक्टर, मला म्हणाला, ‘मॅडम, आता हाय प्रोटीन डाएट सुरू करा, दाबून.’ मुलगा चांगला आहे, त्याला खरंच काळजी होती. पण इतके दिवस उपाशी असलेल्या शरीरात एकदम अन्न ओतलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपाट्याने खाली येतं, हृदयाचे ठोके बिघडतात, माणूस दगावू शकतो. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेच्या २००६ च्या मार्गदर्शक सूचनांत धोक्याच्या पेशंटला किलोमागे दिवसाला जास्तीत जास्त १० कॅलरींनी सुरुवात करा असं आहे. म्हणजे या बाईंना पहिल्या दिवशी ३४०. त्याआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व), रक्ताची तपासणी, मग रोज थोडं थोडं वाढवत जायचं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे वेगळ्या शब्दांत ठाऊक होतं. लंघनानंतर आधी पेज द्यायची, जेवण नंतर.

बाई महिन्याभराने घरी गेल्या. जाताना वजन साडेपस्तीस.

त्या बारा दिवसांत मी कुठे होते? त्यांच्याच वॉर्डावरून रोज दोनदा जात होते. वरच्या मजल्यावर गुडघ्याच्या ऑपरेशनला आलेल्या एका गृहस्थांना वजन उतरवायचा चार्ट हवा होता, तो मी तीनदा बदलून दिला. डिस्चार्जच्या पेशंटांना शुगरचे छापील चार्ट समजावून सांगितले. किचनमध्ये गॅस संपला तेव्हा एजन्सीला फोन केले. कामचुकारपणा केला असं कुणी म्हणणार नाही, पण सतरा नंबरला जायला हवं होतं आणि मी गेले नाही. कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायची व्यवस्थाच नव्हती.

आता तक्रारी.

पहिली तक्रार वजनाची, आणि ती सगळ्यात मोठी. एकदा वॉर्डातले इनडोअर पेपर घेऊन बसले आणि फक्त वजनाचा रकाना वाचत गेले. ५०, ६०, ५५, ६०, ५०, ७०. माणसं अशी गोल वजनांची नसतात. ही वजनं काट्यावरची नाहीत, नजरेने केलेला अंदाज आहे. बऱ्याच पेपरांवर रकानाच रिकामा. अमेरिकेत चार्ल्स बटरवर्थ नावाच्या डॉक्टरांनी १९७४ मध्ये लिहिलं होतं की रुग्णालयांत पेशंटची उंची आणि वजनसुद्धा नोंदवत नाहीत आणि माणसं उपचार चालू असताना कुपोषित होतात. पन्नास वर्षं उलटली. आमच्या वॉर्डातल्या काट्यावर सलाईनचे खोके ठेवलेले असतात, आणि खोके काढले तरी काटा रिकामाच दीड किलो दाखवतो.

वजनाशी फक्त माझाच संबंध आहे असं नाही. टीबीच्या गोळ्या वजनाच्या गटाप्रमाणे ठरतात. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात सुरुवातीच्या टप्प्यात २५ ते ३४ किलोच्या प्रौढाला रोज दोन गोळ्या आणि ५० ते ६४ किलोच्या प्रौढाला चार. सतरा नंबरच्या बाई कागदावर ५० होत्या, खाटेवर ३४. कागदावर विसंबलं असतं तर डोस दुप्पट झाला असता. भूल, केमो, रक्त पातळ करायचं इंजेक्शन, सगळं वजनावर. अंदाजपंचे वजन लिहिणं ही डाएटिशियनची किरकिर नाही, औषधाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

आणि हे राज्य असं आहे जिथं मेळघाटात, नंदुरबारमध्ये अंगणवाडी सेविका डोंगर चढून पाड्यावर जाते, पाच वर्षांखालच्या पोरांच्या दंडाला रंगीत पट्टी लावते, आणि पट्टी साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आली तर त्या पोराला तीव्र कुपोषित ठरवून पुढे पाठवते. अर्ध्या मिनिटाचं काम. तिने भरलेल्या रजिस्टरावर विधानसभेत प्रश्न विचारले जातात. पण त्याच पोराची आई रुग्णालयात दाखल झाली तर तिच्या दंडाला कुणी पट्टी लावत नाही. प्रौढांसाठीही पट्टी चालते. उभं राहता येत नसेल आणि दंडाचा घेर २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर बीएमआय २० च्या खाली असण्याची शक्यता मोठी. उंची मोजता येत नसेल तर कोपर ते मनगट लांबी मोजून अंदाज काढतात, त्याचे तक्ते तयार आहेत. शिंप्याची टेप पुरते.

काटाही कधी फसवतो, हे मान्य. जलोदराच्या पेशंटचं वजन साठ भरतं आणि त्यातलं दहा किलो पोटातलं पाणी असतं. म्हणून नुसतं वजन पुरत नाही, प्रश्नही विचारावे लागतात. त्याकडे येतेच.

दुसरी तक्रार, पेशंट निवडायच्या पद्धतीची. शुगर, बीपी, किडनी असा शिक्का असला की डाएटिशियनला कॉल. नाही तर अल्ब्युमिन कमी आलं की कॉल. अल्ब्युमिन हे पोषणाचं माप नाही. अंगात जंतुसंसर्ग किंवा सूज असली की ते चांगल्या खात्यापित्या माणसाचंही खाली येतं, आणि नुसत्या उपासमारीत बरेच दिवस टिकून राहतं. शिकताना आम्हालाही ते पोषणाचं माप म्हणून शिकवलं होतं, ते आता मागे पडलं आहे, पण राउंडमध्ये अजून चालतं.

या निवडीतून कोण सुटतं? एक उदाहरण देते. एक दुकानदार काका, वजन ८२ किलो. बघितल्यावर कुणीही म्हणेल, यांना कसली कमी. तीन महिन्यांपूर्वी ते ९४ होते. गिळताना अडकतं म्हणून जेवण अर्ध्यावर आलेलं. बारा किलो, म्हणजे साडेबारा टक्क्यांच्या वर वजन गेलं, तेही न ठरवता. कोणत्याही पद्धतीने मोजा, हे सर्वाधिक धोक्याच्या गटात बसतात. घरचे खूश होते, ‘शुगरला बरंच झालं’ म्हणून. त्यांच्यासाठी मला कॉल आला तो १५०० कॅलरीचा डायबेटिक डाएट लिहून देण्यासाठी.

तिसरी तक्रार उपाशी ठेवण्याची. रात्री दहाला एनबीएमचा बोर्ड लागतो. ऑपरेशनच्या यादीत नाव शेवटी. दुपारी चारला कळतं की आज होणार नाही. मावशी म्हणतात, किचन बंद झालं, आता रात्रीचंच. रात्री जेवतो न जेवतो तोच पुन्हा बोर्ड. असं सलग तीन दिवस झालेला पेशंट मी बघितला आहे. भुलीच्या शास्त्राला हे मान्य नाही. हलक्या जेवणानंतर सहा तास आणि पाण्यासारख्या पातळ पेयानंतर दोन तास, एवढंच थांबायचं असं भूलतज्ज्ञांच्याच मार्गदर्शक सूचना सांगतात (काही पेशंटांना त्याहून जास्त थांबावं लागतं, तेवढे सोडून). आपल्याकडे सरसकट रात्रीपासून, कारण यादी बदलली तर सोपं जातं. कुणाला सोपं जातं ते सांगायला नको. सोनोग्राफी, एंडोस्कोपी यांसाठी बुडालेली जेवणं तर कुणी मोजतही नाही.

चौथी. ताट गेलं, पण पोटात काय गेलं? किचनच्या रजिस्टरमध्ये ‘फुल डाएट – १४२’ असं लिहिलेलं असतं. १४२ ताटं वर गेली. किती तशीच खाली आली, हे भांडी घासणाऱ्या मावशींना माझ्यापेक्षा जास्त माहीत असतं. मी अधूनमधून त्यांच्याजवळ जाऊन उभी राहते, त्या बोटाने दाखवतात, ‘ते बघा, बाराचं, नुसता भात चिवडलाय.’ माझ्यासाठी याच्याइतकी उपयोगी नोंद दुसरी नाही, आणि ती कोणत्याच कागदावर येत नाही. लघवी किती झाली हे मिलिलिटरमध्ये लिहिणारी व्यवस्था पेशंटने पोळी खाल्ली की नाही हे लिहीत नाही.

पाचवी तक्रार जरा अवघड आहे. पोषणाची प्राथमिक तपासणी एनएबीएचच्या, म्हणजे रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या मंडळाच्या, मानकांत आहे, पेशंट दाखल झाल्यावरच्या पहिल्या मूल्यांकनात ती करायची असते. म्हणून फॉर्म होता. पण तो कसा भरला जायचा हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तपासणी पथक यायच्या आदल्या आठवड्यात एका पेनाने, एका बैठकीत, सगळ्यांना ‘धोका नाही’. हे मी बघितलं आहे आणि एका वर्षी गप्प बसले आहे. तेव्हा आता फॉर्म काढला म्हणून मी रडते आहे असं समजू नका. भरला जात नव्हता तो फॉर्म काढायचा, की भरायची सोय करायची, एवढाच प्रश्न होता.

पदांबद्दल एकच सांगते. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्य व्यवसाय आयोग कायद्याने आहारतज्ज्ञाला आरोग्य व्यावसायिक म्हणून ओळख दिली. आमच्या इथं तिला भाजीचा हिशेब आणि सिलिंडरचं रजिस्टर दिलं जातं.

आता परिपत्रकातल्या ‘सिस्टरांचा वेळ’ याबद्दल. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. रात्रपाळीला चाळीस पेशंटांमागे दोन सिस्टर असतात, त्यांच्या पुढ्यात आणखी चार पानी फॉर्म टाकणं पाप आहे. पण चार पानी फॉर्म मागतंय कोण?

आम्ही याला स्क्रीनिंग म्हणतो. घरच्या भाषेत चाळणी. पीठ चाळताना आपण प्रत्येक कण हातात घेऊन बघत नाही, पण दगड वर राहतो. पोषणाची चाळणी तशीच असते. ऑस्ट्रेलियात १९९९ मध्ये एक चाळणी तयार झाली, तिच्यात मुळात दोनच प्रश्न आहेत. अलीकडे न ठरवता वजन उतरलं का, उतरलं असेल तर किती? भूक मेल्यामुळे जेवण कमी झालंय का? उत्तरांना गुण, दोन किंवा जास्त आले की डाएटिशियनला कळवायचं. हे प्रश्न केस पेपर काढणारा कारकूनही विचारू शकतो, नातेवाईक स्वतःच भरून देऊ शकतात. वजन माहीत नसेल तर चोळी, कंबरपट्टा, बांगड्या, अंगठी यांबद्दल विचारायचं. ब्रिटनमध्ये २००३ पासून ‘मस्ट’ नावाची चाळणी आहे. तिच्यात तीन गोष्टी बघतात: बीएमआय, तीन ते सहा महिन्यांत न ठरवता किती टक्के वजन गेलं, आणि आजारामुळे पाच दिवसांहून जास्त पोटात काही गेलेलं नाही किंवा जाणार नाही अशी स्थिती आहे का. शून्य गुण आले तर आठवड्याने पुन्हा बघा. एक आला तर तीन दिवस खाणं लिहून ठेवा. दोन किंवा जास्त, तर आहारतज्ज्ञाला बोलवा. मोजायची साधनं हाताशी असली तर पाच मिनिटांत होतं. सतरा नंबरच्या बाईंना बीएमआयचे दोन, चोळ्यांवरून किमान एक, आणि पाच दिवसांहून जास्त उपाशी राहण्याचे दोन मिळाले असते. पाच. दाखल झाल्याच्या दिवशीच.

चाळणीने काही फरक पडतो का, असं एका विश्वस्तांनी मला विचारलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या आठ रुग्णालयांत दोन हजारांवर पेशंट घेऊन एक चाचणी झाली, २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. आधी चाळणी लावली, धोक्याचे पेशंट निवडले, त्यांतल्या अर्ध्यांना आहारतज्ज्ञाने व्यक्तिगत लक्ष देऊन खायला घातलं, अर्ध्यांना रुग्णालयाचं नेहमीचं जेवण. महिन्याभरात नेहमीच्या जेवणाच्या गटात शंभरात जवळपास दहा गेले, दुसऱ्या गटात सात. ऊर्जा आणि प्रथिनांचं लक्ष्य ठरवून केलेलं रुग्णालयातलंच जेवण, मधल्या वेळचं खाणं आणि पूरक पेयं यांवरच मुख्य भर होता.

स्वित्झर्लंड लांब वाटत असेल तर झारखंड घ्या. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांनी टीबीच्या २८०० पेशंटांना आणि त्यांतल्या काहींच्या घरच्यांनाही शिधा देऊन केलेला अभ्यास २०२३ मध्ये आला. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचं वजन पाच टक्क्यांनी वाढलं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी दिसला. पाच टक्के म्हणजे सतरा नंबरच्या बाईंसाठी पावणेदोन किलो. तांदूळ, डाळ, तेल, दूधपावडर आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या एवढ्याच गोष्टी होत्या त्या शिध्यात. टीबीच्या पेशंटांना पोषणासाठी निक्षय योजनेतून आता महिन्याला १००० रुपये मिळतात, पूर्वी ५०० मिळायचे. पण वजन वाढलं की नाही हे कळायला आधी वजन करावं लागतं!

(बाजारातल्या प्रोटीन पावडरच्या डब्यांबद्दल याच पत्रात लिहायचं मनात होतं, पण तो वेगळा विषय आहे आणि मला राग येतो. एवढंच म्हणते, की ज्या नातेवाइकाने मजुरी बुडवून डबा आणला, त्याला रोज दोन अंडी आणि अर्धा लिटर दूध जास्त परवडलं असतं, आणि साबुदाण्याच्या खिरीने जखम भरत नाही हेही कुणीतरी सांगायला हवं होतं.)

आता खरी अडचण, जी परिपत्रकात लिहिलेली नाही. चाळणी नीट लावली तर यादी लांबेल. आज माझ्याकडे दिवसाला पाच-सहा रेफरन्स येतात, ते होतात. एका पेशंटला नीट बघायला अर्धा-पाऊण तास लागतो: काय खात होता, किती खातो, गिळता येतं का, दात आहेत का, दंड-पोटऱ्यांचं मांस किती उरलं आहे, रिपोर्ट काय म्हणतात, खायला घालणारं कुणी आहे का. किचनचे दोन तास वजा केले तर दिवसाला आठ-नऊ पेशंट होतात. चाळणी लागली तर यादीत कदाचित याच्या कितीतरी पट नावं येतील, आणि मग एक डाएटिशियन पुरत नाही हे कागदावर येईल. चाळणी नसली की यादीही नसते. मला वाटतं, फॉर्म नकोसा होण्याचं एक कारण हे आहे. मी चुकत असेन तर आनंदच आहे.

पण यादी लांब असली तरी तिला क्रम लावता येतो, आणि तो लावणं हेच तर माझं काम. सकाळी आधी रीफीडिंगचा धोका असलेले आणि नळीने अन्न चालू असलेले आयसीयूतले पेशंट. मग ज्यांचं दहा टक्क्यांवर वजन गेलंय, किंवा पाच दिवस तोंडात काही नाही, किंवा मोठं ऑपरेशन आठवड्याभरात आहे ते. यांना चोवीस तासांच्या आत. मधल्या गटातल्यांच्या ताटावर तीन दिवस लक्ष ठेवायला ट्रेनी मुलीही पुरतात. साध्या शुगरच्या डिस्चार्ज चार्टला त्याच दिवशी माझी गरज नसते, ओपीडीत गट करून समजावता येतं. यात डिलक्स रूम कुठे बसते? पेशंटला गुण किती आले त्यावर. रूमच्या भाड्याला गुण नाहीत.

तर मागण्या अशा.

पेशंट दाखल झाल्यापासून चोवीस तासांच्या आत खरं वजन आणि उंची नोंदवावी. ज्यांना उभं राहता येत नाही त्यांच्या दंडाचा घेर. ‘अंदाजे’ असेल तर तसं स्पष्ट लिहावं. प्रत्येक वॉर्डात चालू काटा असावा, दर सहा महिन्यांनी तो तपासावा.

वर सांगितलेल्या चाळण्यांपैकी कोणतीही एक निवडावी, पण सगळ्या खाटांना तीच. गुण ठरलेल्या आकड्याच्या वर गेले की डाएटिशियनला थेट निरोप जावा, त्यासाठी डॉक्टरांच्या सहीची वाट बघायला लागू नये. जास्त दिवस राहणाऱ्या पेशंटची चाळणी दर आठवड्याला पुन्हा व्हावी.

ऑपरेशन रद्द झालं तर ते जाहीर करणाऱ्यानेच त्या पेशंटचा एनबीएम उठवावा आणि किचनला फोन करावा. किचनमध्ये अवेळी जेवणाऱ्यांसाठी काहीतरी तयार असावं, उकडलेली अंडी, दूध, उपमा, काहीही चालेल. पाच दिवस पोटात काही न गेलेला पेशंट राउंडमध्ये नाव घेऊन सांगितला जावा.

धोक्याच्या गटातल्या पेशंटांच्या खाटेला एक कागद लावावा: ताट पूर्ण, अर्धं, पाव, नाही. मावशींनी खूण करावी. त्यांना लिहिता येत नसेल तर चित्राचा कागद मी काढून देते.

डिस्चार्ज कार्डावर दोन वजनं असावीत, येतानाचं आणि जातानाचं.

रिकामी पदं भरावीत. ते होईपर्यंत निदान डाएटिशियनला खरेदी आणि हिशेबातून मोकळं करावं.

मोठं मशीन मी काही मागितलेलं नाही. बसून वजन करता येणारा काटा मात्र हवा, पण त्यासाठी देणगीदार मिळतात. वॉटर कूलरवर नाव लावायला मिळतात, तसे काट्यावरही मिळतील.

आमच्या व्यवस्थापनासाठी दोन ओळी वेगळ्या. परिपत्रकाची पोच मी दिली आहे, पण त्यातली दुसरी सूचना मला पाळता येणार नाही. पुरुष आणि स्त्री सर्जिकल वॉर्डात नव्याने दाखल झालेल्यांना ते दोन प्रश्न मी सकाळी साडेसात ते साडेआठ या वेळात विचारते आहे, माझी ड्यूटी नऊला सुरू होते. वॉर्डातला काटा मी मंडईजवळच्या वजनकाटे दुरुस्तीवाल्याकडून नीट करून आणला आहे. आता तो रिकामा असताना शून्य दाखवतो. साडेचारशे रुपयांची पावती ऑफिसात दिली आहे. खोके कृपया दुसरीकडे ठेवायला सांगावेत.

आपली नम्र,
एक आहारतज्ज्ञ